पाय टेकतो का? आमच्या दोघांच्या इलेक्ट्रिक सायकली, सव्वा वर्षानंतर

आधी मापं सांगते. सायकलीबद्दल दुसऱ्याचं मत वाचताना त्याची उंची, वय आणि दुखणी माहीत नसली तर त्या मताचा काही उपयोग होत नाही. माझं वय ६४, उंची ५ फूट १ इंच, उजवा गुडघा दुखरा. ह्यांचं वय ७०, उंची ५ फूट ८ इंच, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. आम्ही नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतो. सकाळी सव्वासहाला निघायचं, आनंदवल्लीवरून सोमेश्वरला जायचं, देवळाबाहेर थोडं बसायचं, रस्ता मोकळा असला तर पुढे गोवर्धनपर्यंत, आणि गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत घरी. आठवड्यातून चार-पाच दिवस, दिवसाला दहा-बारा किलोमीटर. एवढ्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोन इलेक्ट्रिक सायकली घेतल्या. त्यांतली एक चुकली, ती विकून तिसरी घेतली. ती चूक कशी झाली हे सविस्तर सांगायचं आहे.

मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. कंपन्या दर वर्षी नावं बदलतात. आमच्या सायकलीचं नाव आज दुकानात विचारलं तर वेगळीच सायकल पुढे करतात. शिवाय मला बसलेली सायकल तुम्हाला बसेल याची खात्री नाही. काय बघायचं ते मात्र बदलत नाही.

इलेक्ट्रिकच का, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारला. २०२२ मध्ये आम्ही साध्या सायकली घेतल्या होत्या. हे सातपूरला मायकोत नोकरीला होते, पहिली बरीच वर्षं शिफ्टला सायकलनेच जायचे. मी लग्नाआधी सिन्नरला सायकलवर कॉलेजला जायचे, त्यानंतर ३८ वर्षं सायकलला हात लावला नव्हता. व्हायचं असं की हे पुढे जायचे, वळणावर थांबायचे, मी धापा टाकत पोचले की हे लगेच निघायचे. माझी विश्रांती व्हायचीच नाही. सोमेश्वरहून मुख्य रस्त्याला येतानाच्या चढावर मी उतरून सायकल ढकलायचे. ह्यांना हळू चालवणं जड जायचं, मला जोरात चालवणं. महिनाभरात माझी सायकल जिन्याखाली गेली आणि ह्यांनीही एकट्याने जाणं सोडलं. घराबाहेर सोबत पडायचं एकच कारण होतं, ते बंद झालं, याची मला फार खंत होती.

पुढच्या वर्षी मुलीकडे हॉलंडला, आइंडहोवनला गेलो. तिने आमच्यासाठी दोन इलेक्ट्रिक सायकली भाड्याने आणून ठेवल्या होत्या. दोन्हींची दांडी खाली गेलेली, आपल्याकडे लेडीज सायकल म्हणतात तशी. तिथे आमच्याहून म्हातारे पुरुषही सर्रास तशाच सायकलींवर दिसले. पायडलजवळच्या मोटरवर बॉशचं नाव होतं. मायको म्हणजे बॉशच. कंपनीचं नाव बदललं तरी नाशकात चौकाला आम्ही अजून मायको सर्कलच म्हणतो. ज्या कंपनीच्या टूलरूममध्ये ३३ वर्षं काढली तिची मोटर बायकोला चढावर घेऊन जाते आहे, हे बघून ह्यांनी खाली वाकून त्या मोटरवरून हात फिरवला होता. त्या तीन आठवड्यांत आम्ही पहिल्यांदा एका वेगाने चाललो. मी मोटरची मदत तिसऱ्या पायरीवर ठेवायचे, हे पहिल्या पायरीवर. वाटेत बोलणं व्हायचं. इलेक्ट्रिक सायकलचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण ते आहे. दोन माणसांच्या ताकदीत फरक असला तरी ती सोबत जाऊ शकतात.

परत आल्यावर तशीच सायकल शोधायला लागलो आणि लक्षात आलं की इथला बाजार वेगळा आहे. तिथे तशा सायकलीला अडीच-तीन हजार युरो पडतात. इथे बहुतेक सायकली ३० ते ५० हजारांच्या, मोटर मागच्या चाकात, आणि हँडलवर स्कूटरसारखी रेस. युरोपात पायडल मारलं तरच मोटर चालली पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असला की लायसन्स, नंबर प्लेट काही लागत नाही, रेस असली तरी चालते. दुकानदार पहिल्यांदा तेच सांगतात: "काकू, पायडल मारायचीसुद्धा गरज नाही!" पण मला पायडल मारायचं होतं. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलेलं वाक्य आम्ही दोघं पाळतो: बोलता येईल इतक्याच जोराने चालवा, पण चालवा.

चार दुकानं पाहिली. पहिल्या दुकानात रेंजचं, म्हणजे एका चार्जिंगमध्ये सायकल किती जाते याचं, बोलणं झालं. ५० किलोमीटर, ७० किलोमीटर. आमचा दिवसाचा फेरा १२ चा. दुसऱ्या दुकानात जाड टायरची घडीची सायकल दाखवली. चाकं लहान म्हणून ती मला सोपी जाईल असं वाटलं होतं, पण हातात धरून वळवायला गेले तर ती एका बाजूला ओढायला लागली. दुकानातल्या मुलानेच सावरली. तिसऱ्या दुकानात चालवून बघायला सपाट पार्किंग होतं. सपाटीवर सगळ्याच सायकली छान चालतात, तिथे काहीच कळत नाही.

चौथं दुकान जुन्या नाशकातलं, साध्या सायकलींचं, आता इलेक्ट्रिकही ठेवणारं. मालक आमच्याच वयाचे. त्यांनी रेंज विचारली नाही, बजेट विचारलं नाही. म्हणाले, "ताई, बसा. आता उतरा. परत बसा. परत उतरा." असं पाच-सहा वेळा करायला लावलं. मग शेजारच्या चढाच्या गल्लीत नेऊन मधोमध थांबवलं आणि तिथून निघायला सांगितलं. त्या दिवशी मला कळलं की आपल्या वयाच्या माणसाची सायकल पहिल्या दहा फुटांत आणि शेवटच्या दहा फुटांत पारखायची असते. मधले दहा किलोमीटर कोणतीही सायकल नेते. पडणं होतं ते चढताना, निघताना, थांबताना आणि उतरताना.

माझी सायकल त्याच दिवशी ठरली. दांडी इतकी खाली की पाय जमिनीपासून फूटभर उचलला तरी पलीकडे जातो. सव्वीस इंची चाकं, मागच्या चाकात मोटर, सात गिअर, काढता येणारी बॅटरी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत ३६,५०० रुपये. पंजाबी ड्रेसवर आरामात चालवते. साडीवर एकदा प्रयत्न केला, चेनला पूर्ण कव्हर नसल्याने सोडून दिला.

ह्यांनी तशीच घेतली नाही. हॉलंडमध्ये तीन आठवडे तशीच चालवली होती, तरी इथे गल्लीतून लेडीज सायकलवर जायचं ह्यांना नको वाटलं. मी आग्रह केला नाही, त्याचं मला वाईट वाटतं. ह्यांनी उंच दांडीची, एकोणतीस इंची चाकांची, डोंगरावर न्यायची असते तशी सायकल घेतली. बॅटरी मोठी, दिसायला भक्कम. हँडल खाली आणि पुढे असल्याने पाठ वाकवून बसावं लागायचं. आठवड्यात मनगटं आणि मान दुखायला लागली. तेही ह्यांनी चालवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात आनंदवल्लीला आम्ही भाजी घेतली. पिशवी ह्यांनी मागच्या कॅरिअरला बांधली. घरापाशी उतरताना नेहमीप्रमाणे मागून टांग काढायला गेले आणि बूट पिशवीत अडकला. सायकल २४ किलोची, ती डाव्या बाजूला गेली आणि हे तिच्यासकट. हाड मोडलं नाही. पण अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू आहेत. कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा झाला आणि तो रंग उतरायला तीन आठवडे लागले. तरुणपणी असं पडलं की माणूस कपडे झटकून उठतो. सत्तरीला अशा गोळ्या घेत असताना डोक्याला लागलं असतं तर काय, या विचाराने मी कित्येक रात्री नीट झोपले नाही. त्या दिवशी हेल्मेट होतं. दोन किलोमीटर जायचं असलं तरी आम्ही हेल्मेट घालतो.

हात बरा झाल्यावर हे स्वतःच म्हणाले, "अगं, मलाही तुझ्यासारखीच घेऊ." जानेवारीत ती मोठी सायकल भाच्याला दिली, ११ हजारांचं नुकसान सोसून. मग माझ्याच मॉडेलची, मोठ्या मापाची सायकल घेतली. गल्लीत कुणीही काही बोललं नाही. उलट समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राध्यापक येऊन चौकशी करून गेले. पुरुषांना विनंती आहे, साठीच्या पुढे मागून टांग टाकायची सवय सोडा. कंबर पूर्वीसारखी वळत नाही, आणि हे आपल्याला अडकल्यावरच कळतं. उंच दांडीची सायकल आधीच घरात असेल तर मागे कॅरिअरला काही बांधू नका, पुढे टोपली लावा.

आता सीटची उंची. मी सगळ्या दुकानांत एकच प्रश्न विचारत होते: पाय टेकतो का? सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत असा माझा हट्ट होता. मालकांनी सीट तेवढी खाली करून दिली, पण बजावलंही की गुडघा तक्रार करेल. महिन्याभरात ती आली. सीट इतकी खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला ताण येतो. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला सायकलवर बसवून बघितलं आणि सांगितलं की पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात थोडासाच वाक, असं पाहिजे. पण सीट तेवढी वर केली की तळवा टेकत नाही, चवडा टेकतो.

यातून वाट निघाली ती खाली गेलेल्या दांडीमुळेच. थांबताना सीटवर बसून पाय टेकायचा नाही. ब्रेक दाबायचे, वेग संपत आला की सीटवरून पुढे सरकून दांडीच्या त्या मोकळ्या जागेत दोन्ही पायांवर उभं राहायचं. निघताना एक पायडल घड्याळातल्या दोनच्या काट्याइतकं वर आणायचं, त्यावर वजन देत सायकल पुढे गेली की मग सीटवर बसायचं. लहान मुलं मोठ्यांची सायकल अशीच चालवतात. मला हे यायला आठ दिवस लागले. हे मला आमच्या सोसायटीच्या आवारात रोज वीस वेळा थांबायला आणि निघायला लावत. गुडघा आता दुखत नाही असं म्हणणार नाही, पण सायकलमुळे दुखत नाही. तेव्हा दुकानात "पाय टेकतो का" एवढंच विचारू नका. सीट योग्य उंचीवर ठेवून पुढे सरकून उभं राहता येतं का, ते करून बघा.

सीट स्वतः मात्र बदलावी लागली. कंपनीची अरुंद होती. हौसेने सगळ्यात रुंद, स्प्रिंगची घेतली, तर ती मांड्यांना घासायला लागली. मग मध्यम रुंदीची, मध्ये खाच असलेली घेतली. ९०० रुपये. दोन सीटांचे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

मोटर मदत कधी करते हे समजून घेणं तितकंच महत्त्वाचं आहे. आमच्या सायकलींत केडन्स सेन्सर आहे. पायडलच्या दांड्याजवळ चुंबकं बसवलेली चकती असते, ती फिरली की मोटरला कळतं की पायडल चालू आहे. तुम्ही किती जोर लावता हे तिला कळत नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. पायडल अर्धा फेरा फिरेपर्यंत मदत येत नाही, आणि आली की एकदम येते. पायडल थांबवलं तरी क्षणभर ओढ राहते. हॉलंडच्या सायकलींत टॉर्क सेन्सर होता, तो पायाचा जोर मोजतो आणि तेवढीच मदत देतो. ते चालवणं जास्त नैसर्गिक वाटतं. आपले पाय अचानक तरुण झाले असं वाटतं. इथे टॉर्क सेन्सरच्या सायकली मिळतात, पण आम्ही पाहिलेल्यांची किंमत आमच्या सायकलींच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि त्यांतल्या एकीचीही दांडी खाली नव्हती. सेन्सर आणि दांडी यांत एकच निवडायचं असलं तर आपल्या वयात दांडी निवडा. सेन्सरची सवय होते, कंबर लवचिक होत नाही. टॉर्क सेन्सरची घेतलीच, तर सिग्नलला थांबल्यावर पायडलवर पायाचा भार ठेवू नका. नुसत्या भारानेही मोटर सायकल पुढे ढकलते. ब्रेक दाबून धरायचे.

केडन्स सेन्सरशी जमवून घ्यायची युक्ती सोपी आहे. थांबायच्या आधी हलक्या गिअरवर यायचं आणि मदत पहिल्या पायरीवर आणायची. मग निघताना पहिला अर्धा फेरा पायाला जड जात नाही आणि मोटरचा धक्काही लहान बसतो. सायकलला गिअरच नसतील, म्हणजे फक्त मोटरच्या भरवशावर असेल, तर चढावर थांबून परत निघणं अवघड जातं. दुकानात गिअर नसलेल्या सायकली स्वस्त दिसतात. चढाच्या गावात त्या घेऊ नका.

रेसबद्दल माझं आणि ह्यांचं एकमत नाही. सोमेश्वरला एकदा मी उतरून सायकल हाताने धरून वळवत होते. मोटर बंद करायला विसरले होते. तोल सावरताना अंगठ्याने रेस दाबली गेली आणि सायकल मला घेऊन चार पावलं पळाली. समोर फुलवालीची टोपली होती. तिने पाटी मागे ओढली आणि मला धरलं, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन रेसची वायर जोडावरून काढून टाकायला लावली. दोन मिनिटांचं काम आहे. ह्यांनी आपली ठेवली आहे. ह्यांचं म्हणणं, मध्येच छातीत दडपल्यासारखं वाटलं किंवा पाय गळाठले तर पायडल न मारता घरी येता आलं पाहिजे. ते मलाही मान्य आहे. पण आमच्याकडे नियम झाला आहे: जमिनीवर पाय आला की आधी मोटरचं बटण बंद, मगच उतरायचं.

ब्रेक दाबला की मोटर त्याच क्षणी बंद झाली पाहिजे. आमच्या दोन्ही मुठींत तशी सोय आहे. दुकानात सायकल स्टँडवर उभी करून, मागचं चाक फिरत असताना आधी एक आणि मग दुसरा ब्रेक दाबून बघा. एका दुकानात दाखवलेल्या सायकलीला ही सोय एकाच मुठीत होती. घाबरल्यावर माणूस कोणता हात आधी दाबेल हे सांगता येत नाही. मुठीचं अंतरही बघा. माझ्या हाताला मूठ लांब पडत होती. ती जवळ आणायचा एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून दिल्यावर दोन बोटांनी ब्रेक लागायला लागले. इतकी जड सायकल असल्याने ब्रेकचे पॅड साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात. २,१०० किलोमीटरमध्ये माझे दोनदा बदलले.

पंक्चरची मला फार भीती होती. पहिलं पंक्चर मार्चमध्ये झालं, मागच्याच चाकाला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या दादांनी मोटर बघून हात जोडले. "हे चाक मी खोलत नाही, वायर तुटली तर माझ्यावर येईल." त्यांचं बरोबर होतं. पण पंक्चर काढायला चाक खोलावं लागतच नाही. ह्यांनी त्यांना सांगितलं की सायकल उलटी करा, टायरची एक बाजू रिमवरून काढा, ट्यूब तेवढ्यापुरती बाहेर ओढा, ठिगळ लावा आणि परत आत सरकवा. अर्ध्या तासात झालं. तेव्हापासून ते आमच्याकडची दोन्ही चाकं बघतात आणि त्यांच्याकडे अशा आणखी दोन सायकली यायला लागल्या आहेत. ट्यूबच बदलायची वेळ आली तर मात्र चाक खोलावं लागतं. त्यासाठी मोटरच्या वायरचा जोड कुठे आहे आणि मोठ्या नटाला कोणता पाना लागतो हे विकत घेतानाच विचारून ठेवा. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते जागोजागी खोदले आहेत, खडी पसरलेली असते. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवली आणि आत सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारा द्रव, घातला तेव्हापासून एकच पंक्चर झालं आहे.

बॅटरीचं गणित ह्यांनी मला शिकवलं, ते सोपं आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. आमची ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास, म्हणजे २८१ वॅट-तास, एवढी वीज तिच्यात साठते. मध्यम मदतीवर मला ३० ते ३२ किलोमीटर मिळतात, ह्यांना जास्त, कारण हे मदत कमी घेतात. पाकिटावरचा आकडा याच्या दीडपट होता. आमच्यासारख्या फेऱ्यांना यापेक्षा मोठी बॅटरी म्हणजे उगाच वजन. आम्ही दोन दिवसांआड चार्ज करतो. एका वेळी एक तृतीयांश युनिट वीज लागते, म्हणजे तीन-चार रुपये.

बॅटरी काढता येणं मात्र आवश्यकच. सायकल खाली पार्किंगमध्ये राहते, बॅटरी किल्लीने काढून घरात आणतो. दोन किलोच्या आसपास वजन आहे, मला एका हातात नेता येते. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, आधी तासभर गार होऊ देतो. रात्रभर लावून झोपत नाही. चार्जर सायकलीसोबत आलेलाच वापरायचा. दुसरा मिळतो म्हणून स्वस्तातला आणायचा नाही. गेल्या पावसाळ्यात सहा आठवडे सायकली बंद होत्या, तेव्हा बॅटऱ्या अर्ध्या भरून ठेवल्या होत्या. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवली की खराब होते. नवीन बॅटरीला मला १३ हजार सांगितले आहेत. सायकल घेताना तो खर्च चार-पाच वर्षांनी येणार हे धरूनच हिशेब करा.

पावसाचा अनुभव चांगला नाही. भुरभुर पावसात काही होत नाही. जुलैत एकदा मात्र जोराच्या पावसात अडकलो आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या सायकलीच्या डिस्प्लेवर चूक दाखवणारा आकडा येऊन मोटर बंद पडली. कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवली. रोज उत्तर यायचं, माणूस येत नव्हता. १९ दिवस गेले. शेवटी जुन्या नाशकातल्या त्या मालकांनीच जोड उघडून, आतलं पाणी वाळवून, ग्रीस लावून दिलं आणि ती चालू झाली. घराजवळ हात लावणारं माणूस नसेल तर कितीही चांगली सायकल बंद पडून राहते. म्हणून ऑनलाइन दोन-तीन हजार कमी पडत असले तरी मी दुकानातूनच घ्या म्हणेन. शेजारच्या मुलाने खोक्यातून मागवली, तिचं हँडल आणि पुढचं चाक घरी बसवायचं होतं. पुढचा ब्रेक उलट्या बाजूला राहिला होता, तो ह्यांच्या लक्षात आला. सायकल धुताना पाइपचा जोराचा फवारा मारू नका. ओला फडका पुरतो.

वजनाचं राहिलं. माझी सायकल दुकानातल्या काट्यावर २३ किलो भरली. तीन पायऱ्याही चढवता येणार नाहीत. आमच्या पार्किंगला दोनच पायऱ्या आहेत, तिथे फॅब्रिकेटरकडून लोखंडी पत्र्याचा उतार करून घेतला, १,४०० रुपयांत. सायकलीला चालण्याच्या वेगाने स्वतः पुढे सरकायचं एक बटण आहे, ते दाबून धरलं की ती उतारावरून आपणहून वर चढते, मी फक्त हँडल धरते. तुमच्याकडे लिफ्ट नसेल आणि खाली सुरक्षित जागाही नसेल, तर आधी त्याचा विचार करा, मग दुकानात जा.

सव्वा वर्षात सायकलींच्या किमती सोडून दोघांचे मिळून साडेसात हजार खर्च झाले. त्यात आरसे आले, आणि आरसा मी पहिल्याच दिवशी लावून घ्या म्हणेन. मान वळवून मागे बघितलं की आपला हात नकळत त्याच बाजूला जातो. ह्यांच्या तपासण्या नियमित चालू आहेत आणि डॉक्टरांनी फेरा आहे तेवढाच ठेवायला सांगितला आहे. हे मात्र त्र्यंबकचं नाव काढतात. २८ किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे, बॅटरी पुरणार नाही, म्हणजे तिथे चार-पाच तास चार्जिंगला थांबावं लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.

थंडीत सव्वासहाला अंधार असतो. पुढचा दिवा ह्यांच्या सायकलीचा चांगला आहे, म्हणून हे पुढे असतात आणि मी मागे. आनंदवल्लीच्या पुढे रस्ता रिकामा झाला की हे वेग कमी करतात आणि मी शेजारी जाते. मागून गाडीचा उजेड आला की परत मागे.

समोरचे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी रविवारी चालवून बघायला येणार आहेत. वहिनी माझ्याहून बुटक्या आहेत. माझ्या सायकलीची सीट मी आजच एक इंच खाली करून ठेवली आहे आणि रेसची वायर काढलेलीच आहे. सोसायटीच्या आवारात आधी वीस वेळा थांबायचं आणि निघायचं, मग रस्त्यावर.